दहा पीडांचा चित्रसंच: रक्ताच्या कार्डापाशी जरा थांबून

सोलापुरातल्या रविवार शाळांत आणि मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळांत सध्या दहा पीडांचा एक चित्रसंच वापरात आहे. दहा पीडा म्हणजे गुलाम केलेल्या इस्राएल लोकांना (इब्र्यांना) मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो सोडेना, तेव्हा देवाने त्याच्या देशावर आणलेली बायबलमधली दहा संकटं. ए-३ आकाराची, लॅमिनेशन केलेली १२ कार्डं, ४८ पानांची शिक्षक-पुस्तिका आणि मुलांनी रंगवायच्या पानांचा गठ्ठा, असं सगळं एका कापडी पिशवीत येतं. कार्डांच्या मागे गोष्ट मराठीत आणि मथळे तेलुगूतही आहेत. घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी लिहिणारी मुलं इथे एकाच सतरंजीवर बसतात, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे.

पहिलं कार्ड काठीचा साप होण्याचं, मग रक्ताच्या पीडेची दोन, आणि उरलेल्या नऊ पीडांना एकेक. हे परीक्षण मुख्यतः त्या दोन कार्डांचं आणि त्यांच्या पाठाचं आहे. नदीची पीडा का आली हे मुलांना नीट कळलं नाही, तर पुढचे बेडूक, उवा, गोमाश्या म्हणजे नुसती एकामागून एक जादू होऊन बसते. आमचं मत आधीच सांगतो: चित्रं उत्तम, मजकूर बराचसा बरोबर, आणि पाठासोबत दिलेला प्रयोग मात्र गाळावा.

आधी दुसरं कार्ड. नील नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक, काठावर इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, हातात काठी. चित्रकाराचा हात चांगला आहे, पण लाल रंग इतका एकसारखा लावलाय की तो रंगच वाटतो. सोलापुरात हे जास्त जाणवतं. चादरी-टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या डाईंगच्या आसपास राहणाऱ्या मुलाला गटारातून वाहणारं लाल पाणी नवीन नाही. ‘डाईंगचं पाणी सोडलंय’ हे त्याच्या तोंडून पटकन निघतं. त्याला दटावू नये, कारण पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, मजकूर रंगावर थांबत नाही. निर्गम या पुस्तकाच्या ७व्या अध्यायातल्या २१व्या वचनात (७:२१) मासे मेले, नदीला दुर्गंधी सुटली, लोकांना पाणी पिता येईना, असं क्रमाने येतं. चित्रात एकही मेलेला मासा नाही, नाकाला पदर लावलेलं माणूस नाही. ही त्या कार्डाची खरी उणीव. शिक्षकाने ७:२१ मोठ्याने वाचून मुलांना विचारावं, ‘चित्रात काय राहिलंय?’ मुलं स्वतःच मासे सांगतात आणि रंगाचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

याहून मोठी उणीव अशी की पुस्तिका गोष्ट थेट ७:१४ पासून सुरू करते. नदीवर पीडा का, याचं उत्तर मात्र सहा अध्याय आधी आहे. निर्गम १:२२ मध्ये फारो आपल्या सगळ्या लोकांना हुकूम देतो की इब्र्यांना होणारा प्रत्येक मुलगा नदीत टाका. हीच ती नदी. मूळ हिब्रूत १:२२, २:३ आणि ७:१५ या तिन्ही ठिकाणी नदीला ‘येओर’ हाच शब्द आहे, आणि नीलसाठी वापरला जाणारा तो शब्द मिसरी भाषेतून आलेला आहे. त्यातही २:३ आणि ७:१५ ही दोन वचनं शेजारी ठेवून पाहावीत. आई तान्ह्या मोशेची टोपली ‘येओरच्या काठावर’ लव्हाळ्यात ठेवते, आणि ८० वर्षांच्या मोशेला देव सांगतो की सकाळी फारोला भेटायला ‘येओरच्या काठावर’ उभा राहा. दोन्हीकडे शब्द अक्षरशः तेच आहेत. ज्या काठावर एक बाळ वाचलं आणि बाकीची बुडवली गेली, त्याच काठावरून नदीचं रक्त होतं. तान्ह्यांचं रक्त पाण्याखाली दडवलं होतं, ते पाण्याच्या वर आलं. पाठाचा गाभा हा आहे, आणि पुस्तिकेत त्याला एक ओळसुद्धा नाही.

हा अर्थ आम्ही ओढूनताणून काढलेला नाही. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या शलमोनाच्या ज्ञानग्रंथात, ११व्या अध्यायात, बालहत्येच्या हुकुमाची शिक्षा म्हणून नदी रक्ताने गढूळ झाली असं उघड म्हटलंय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ६६ पुस्तकांत तो ग्रंथ नसतो, त्यामुळे ज्यांच्या हाती तो नाही त्यांनी बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण १६:४-६ घ्यावं. तिथे देवाच्या क्रोधाची तिसरी वाटी ओतल्यावर नद्या आणि झरे रक्त होतात आणि देवदूत कारणही सांगतो: यांनी पवित्र जनांचं आणि संदेष्ट्यांचं रक्त पाडलं, म्हणून तू यांना रक्त प्यायला दिलंस. शास्त्र स्वतःच या पीडेचा अर्थ लावून देतंय. पुस्तिकेने प्रकटीकरणाचा संदर्भ नुसता आकडा म्हणून तळटीपेत टाकलाय, तो पाठात यायला हवा.

काठी कुणी मारली? चित्रात मोशे मारतोय. ७:१९ मध्ये मात्र देव म्हणतो, अहरोनाला (मोशेच्या भावाला) सांग की तुझी काठी घे आणि मिसरच्या पाण्यावर हात उगार. म्हणून चित्र चुकलं असं कुणी म्हणेल. तसं अगदी ठाम म्हणता येत नाही, कारण १७:५ मध्ये देव मोशेला सांगतो की ज्या काठीने तू नदीवर मारलंस ती घे. ७:२० मध्ये तर ‘त्याने काठी उगारून मारली’ एवढंच आहे, तो ‘त्याने’ कोण हे वाक्यावरून पक्कं होत नाही. या जागी ज्यू परंपरेत फार सुंदर खुलासा आहे. मिद्राशात (ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या भाष्यसंग्रहात) आणि ११व्या शतकातल्या रब्बी राशींच्या भाष्यात म्हटलंय की तान्हेपणी मोशेला याच पाण्याने जपलं, म्हणून त्याच्या हातून त्या पाण्यावर काठी पडू नये; ते काम अहरोनाकडे गेलं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, तसं हे पाण्याला जागणं. मुलांना हे एका वाक्यात पोचतं, समजावून सांगावंच लागत नाही. शिक्षकाने मोशेचं चित्र तसंच ठेवून दोन्ही वचनं वाचावीत आणि वरचा खुलासा सांगावा. चित्र बदलायची गरज नाही.

भांड्यांचा भाग पुस्तिकेत चांगला उतरलाय. ७:१९ मध्ये नद्या, कालवे, तळी, पाण्याचे साठे, आणि शेवटी लाकडी व दगडी भांड्यांतलं पाणी, अशी यादी आहे. मूळ हिब्रूत ‘भांडी’ हा शब्द नाही. ‘लाकडांत आणि दगडांत’ एवढंच आहे, भाषांतरकारांनी अर्थ धरून भांडी घातली. पुस्तिकेने हे नोंदवलंय आणि पुढे एक फार कामाचा उपक्रम दिलाय. फळ्यावर मुलांनी घरातल्या पाणी साठवायच्या वस्तूंची यादी करायची. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे ही यादी लांबत जाते: माठ, हंडा, कळशी, घागर, पिंप, प्लास्टिकचं बॅरल, गच्चीवरची टाकी, मोरीतली बादली, देवळीतला तांब्या. यादी झाली की शिक्षकाने एकेक वस्तू पुसत जायचं, काही न बोलता. शेवटचा तांब्या पुसला की वर्ग गप्प होतो. सात दिवस म्हणजे काय (७:२५), हे पाणी सुटायची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. या उपक्रमाला १० मिनिटं द्यावीत. पुस्तिका ५ मिनिटं म्हणते, तेवढ्यात यादीसुद्धा पुरी होत नाही.

आता प्रयोगाविषयी. पुस्तिकेच्या १४व्या पानावर ‘पाण्याचे रक्त’ हा प्रयोग आहे. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात अर्धा चमचा हळद. दुसऱ्या भांड्याच्या तळाशी आधीच गुपचूप लावून ठेवलेला पानाचा चुना. हळदीचं पाणी त्यात ओतलं की लाल होतं. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं, कुंकू करतानाही हेच घडतं. यात दोन-तीन गोष्टी हमखास बिघडतात. चुना कमी पडला तर नारिंगी रंग येतो. हळद जास्त पडली तर ती विरघळत नाही, तळाशी गाळ बसतो आणि रंग विटकरी दिसतो. मुलांच्या हाती चुना लागला आणि तो हात डोळ्याला गेला तर डोळा भाजतो. हा धोका पुस्तिकेत लिहिलेलाच नाही. काही जण हळदीऐवजी पोटॅशियम परमँगनेटचे खडे वापरतात. त्याचा रंग जांभळा येतो आणि बोटांवरचे तपकिरी डाग लवकर जात नाहीत.

हे सगळं सांभाळून प्रयोग जमवला तरी पाठ उलटाच होतो. ७:२२ मध्ये मिसरी जादूगारांनीही आपल्या मंत्रतंत्रांनी तसंच करून दाखवलं, आणि त्यामुळेच फारोचं मन कठीण राहिलं. गुपचूप चुना लावून पाणी लाल करणारा शिक्षक मुलांपुढे अहरोन म्हणून उभा राहत नाही, जादूगार म्हणून उभा राहतो. शिवाय त्या लाल पाण्यात लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं, आणि हे माहीत असलेलं एक तरी मूल वर्गात असतंच. पाठात सांगायचं असतं ते असं, की जादूगार पाणी आणखी बिघडवू शकले, एक थेंबही परत आणू शकले नाहीत. आणि वर्गात एक लिंबू ते परत आणतं. म्हणून हा प्रयोग गाळावा. करायचाच असेल तर चुना उघडपणे दाखवून करावा, ‘जादूगारांची करामत’ असं नाव देऊन, आणि पाठाच्या शेवटी नव्हे तर ७:२२ वाचताना.

तिसरं कार्ड हे या संचाचं खरं वैभव. ७:२४ चं चित्र आहे: पाणी मिळावं म्हणून मिसरी लोक नदीच्या आसपास खड्डे खणतायत. पुढे एक बाई गुडघे टेकून बसलीये, ओल्या वाळूत हातभर खोल खड्डा, तळाशी ओंजळभर पाणी साठलेलं, आणि ती वाटीने ते गढूळ पाणी मातीच्या घड्यात भरतेय. शेजारी तिचं मूल घड्याचं तोंड धरून उभं आहे. मागे लांबवर फारोची पालखी वाड्याकडे चाललीये. उन्हाळ्यात सीनेच्या नाहीतर भीमेच्या कोरड्या पात्रात झिरा खणणाऱ्या बाईचं चित्र याहून वेगळं निघालं नसतं. ७:२३ आणि ७:२४ ही दोन वचनं चित्रकाराने एका चौकटीत आणलीत: फारो वळून घरी गेला, त्याने हेही मनावर घेतलं नाही, आणि लोक खणत बसले. चुकीचा हुकूम राजवाड्यातून निघाला आणि पाण्यासाठी वाळू उपसायची वेळ त्या बाईवर आली. हे चित्र किमान ५ मिनिटं, काही न बोलता, मुलांपुढे धरावं. तरीही पुस्तिकेत या कार्डाला फक्त चार ओळी मिळाल्यात.

जादूगारांना बदलायला पाणी उरलं कुठे, हा प्रश्न मोठ्या वर्गातली मुलं नक्की विचारतात. नेहमी दिलं जाणारं उत्तर हेच, की या झिऱ्यांतलं पाणी वापरलं असेल. पुस्तिकेत जादूगारांची नावं यान्नेस आणि यांब्रेस अशी दिलीत, पण ती निर्गमात नाहीत, २ तीमथ्य ३:८ मध्ये आहेत. तो संदर्भ द्यायला हवा होता.

पुस्तिकेतला ‘प्रत्येक पीडा एका देवावर’ हा तक्ता जपून वापरावा. त्यात रक्ताच्या पीडेसमोर हापी, बेडकांसमोर हेकेत, अंधारासमोर रा, आणि उरलेल्यांसमोरही एकेक नाव घातलंय. हापी म्हणजे नीलच्या पुराचा देव. भरल्या अंगाचा, निळ्या किंवा हिरव्या रंगात काढलेला. त्याच्या बाबतीत तक्ता टिकतो. निर्गम १२:१२ मध्ये देव मिसरच्या सर्व देवांचा न्याय करणार असल्याचं सांगतो, गणना ३३:४ तेच पुन्हा म्हणते, आणि यहेज्केल २९:३ मध्ये तर फारोच्या तोंडी ‘ही नदी माझी, मीच ती माझ्यासाठी केली’ असे शब्द आहेत. मिद्राशातही म्हटलंय की मिसरी नदीला देव मानत, म्हणून देवाने आधी त्यांच्या दैवतावर प्रहार केला. रा आणि हेकेतही चालतील. उवांसमोर नाव घालताना मात्र ओढाताण दिसते, आणि शास्त्र स्वतः कुठल्याही पीडेपुढे देवाचं नाव लिहीत नाही. मुलांकडून हा तक्ता पाठ करून घेऊ नये. त्याऐवजी यहेज्केलचं ते वचन पाठ करून घ्यावं. फारो सकाळी पाण्याकडे ‘पूजेसाठी’ जात होता, हेही पुस्तिका बिनधास्त लिहिते. ७:१५ फक्त एवढंच सांगतं की तो पाण्याकडे जातो.

नदी लाल दिसण्याचं कारण लाल माती, हे सांगणारं पुस्तिकेतलं अर्धं पान ठीक आहे, पण अपुरं आहे. इथिओपियाच्या डोंगरांवरून पुराच्या दिवसांत लालसर गाळ वाहून येई आणि नील तांबडी दिसे, हे खरं. पण तो गाळ मिसरसाठी पिकाचा होता, त्या पुराची लोक वाट पाहत. दरवर्षीच्या सुगीच्या पाण्याला भिऊन कुणी खड्डे खणत नाही. मोठ्या मुलांनी हा मुद्दा काढला तर एवढं सांगून पुढे जावं. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यापासून तो गाळ बराचसा धरणातच अडतो, हेही सांगता येईल.

एक छापील घोळ मात्र आत्ताच दुरुस्त करून ठेवावा. १७व्या पानावर बेडकांच्या पाठासाठी ‘निर्गम ७:२६-२९’ असा संदर्भ आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ७वा अध्याय २५व्या वचनावर संपतो, त्यामुळे मुलं पानं उलटत बसतात. हिब्रू बायबलमध्ये हाच अध्याय २९ वचनांचा आहे. तिथली २६ ते २९ म्हणजे आपल्याकडची ८:१-४. संदर्भ बहुधा हिब्रू क्रमांकांवरून घेतलाय. पेनाने ‘८:१-४’ लिहून ठेवलं की झालं.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या २ऱ्या अध्यायाशी जोडलेला दुवा छान जमलाय. मोशेच्या हातून पहिल्या पीडेत पाण्याचं रक्त, काना गावी येशूच्या पहिल्या चिन्हात पाण्याचा द्राक्षारस, आणि तिथेही भांडी दगडाची, सहा रांजण. इथे दगडाचा धागा मुलं स्वतः पकडतात. राहून गेलंय ते ज्यू सणाचं. मिसरमधून सुटकेची आठवण करणाऱ्या वल्हांडणाच्या जेवणात दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला द्राक्षारसाचा एकेक थेंब प्याल्यातून काढून टाकतात, पहिला थेंब ‘दाम’ म्हणजे रक्त या शब्दाला. आपली सुटका होताना मिसरी माणसांचेही हाल झाले, म्हणून आनंदाचा प्याला तेवढा उणा, असा त्याचा अर्थ सांगतात. ही गोष्ट परक्या मुलखातली नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची बोली मराठीच, आणि त्यांच्यासाठी या जेवणाच्या विधीची पोथी हिब्रू-मराठीत १८७४ साली पुण्यात छापली गेली. तिसऱ्या कार्डावरच्या बाईशेजारी हा थेंब ठेवला तर पाठ पुरा होतो. वर्गात मुस्लिम शेजारपाजारची मुलं येत असतील तर कुराणातही (७:१३३) या चिन्हांत रक्ताचा उल्लेख आहे, हे आवर्जून सांगावं.

वेळेचं म्हणाल तर पुस्तिकेने पहिल्या पीडेला २५ मिनिटं दिलीत. पुरत नाहीत. दोन रविवार धरावेत, प्रत्येकी ४० मिनिटं. पहिल्या रविवारी १:२२, मग २:१-१०, आणि नंतर फळ्यावरची भांड्यांची यादी. दुसऱ्या रविवारी ७:१४-२५, दुसरं आणि तिसरं कार्ड, शेवटी प्रकटीकरणातली तीन वचनं. सात वर्षांखालच्या मुलांना १:२२ वाचून दाखवताना ‘राजाने बाळांना मारायचा हुकूम दिला’ एवढंच सांगावं, बुडवण्याचं वर्णन करू नये. ४:९ मधलं चिन्ह, नदीचं पाणी कोरड्या जमिनीवर ओतल्यावर त्याचं रक्त होण्याचं, या पाठात मिसळू नये; ते इस्राएल लोकांना विश्वास बसावा म्हणून दिलेलं होतं, इथे फारोचा न्याय आहे.

कार्डांचं लॅमिनेशन चकचकीत आहे. ट्यूबलाइटखाली धरलं की मागच्या रांगेला लाल नदीच्या जागी पांढरा पट्टा दिसतो, म्हणून कार्ड जरा पुढे झुकवून धरावं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर कडा सुटतात. पिशवीत उभी न ठेवता आडवी, मध्ये वर्तमानपत्र घालून ठेवावीत. पुढच्या छपाईत मॅट लॅमिनेशन आणि पहिल्या पीडेआधी एक जादा कार्ड हवं: काठ, लव्हाळा आणि टोपली. तोवर दुसऱ्या कार्डाशेजारी फळ्यावर खडूने लव्हाळ्याच्या चार रेघा आणि मध्ये एक टोपली काढली तरी चालेल.